आच वेगळी, धूर वेगळा

प्रश्न : ताई, यजमानांच्या वाढदिवसाला आम्ही एक वापरलेला इलेक्ट्रिक स्मोकर (मांस धुरावर शिजवायचं यंत्र) घेतला. छोट्या फ्रिजएवढं कपाट, आत ८०० वॅटची कॉईल. २२५ फॅरनहाइटवर लावून चिकनच्या तंगड्या ठेवते. पहिला अर्धा तास छान धूर येतो, मग काहीच नाही. ट्रे ओढून बघितला तर धुरासाठी घातलेल्या लाकडाच्या निम्म्या चिप्स जशाच्या तशा. जानेवारीत बरं जमत होतं, जुलैपासून मात्र नुसतं ओव्हनमध्ये भाजल्यासारखं लागतं आणि कातडी रबरासारखी होते. १२०० वॅटची कॉईल बसवू का? की तापमान बारकाईने राखणारा पीआयडी कंट्रोलर लावू? *(एडिसन, न्यू जर्सी)*

उत्तर : मोठी कॉईल अजिबात बसवू नका. आतली वायर, कंट्रोलर, जोडण्या सगळं ८०० वॅटच्या हिशेबाने केलेलं असतं, आणि धूर वाढण्याऐवजी आणखी कमी होईल. कसा ते सांगते.

‘जानेवारीत बरं, जुलैत वाईट’ हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण दुखणं तिथेच आहे. या कपाटात कॉईल एकच आणि तिच्यावर कामं दोन. कपाट तापवायचं आणि कॉईलवरच्या ट्रेमधल्या चिप्स जाळायच्या. २२५ फॅरनहाइट म्हणजे १०७ सेल्सिअस. कपाट तिथवर पोचलं की थर्मोस्टॅट कॉईल बंद करतो, ट्रे गार होतो आणि धूर थांबतो. कपाटातली उष्णता बाहेर किती जाते हे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. जुलैत बाहेर ३२ असेल तर फरक ७५ अंशांचा. जानेवारीत उणे ३ असेल तर ११० अंशांचा. म्हणजे थंडीत तीच कॉईल जवळजवळ दीडपट वेळ चालू राहते आणि चिप्सना तेवढी जास्त आच मिळते. आता १२०० वॅटची बसवली तर कपाट लवकर तापेल आणि कॉईल आणखी लवकर बंद होईल. चालू असेल तेव्हा चिप्स भडकतील, बंद झाली की विझतील. भडकलेल्या लाकडाचा धूर मांसाला कडू करतो.

मी मूळची कोल्हापूरची. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सात वर्षं भट्ट्यांचे थर्मोकपल (तापमान मोजायच्या तारा) आणि कंट्रोलर बघायचं काम केलं. तिथे तापमान राखायचं यंत्र आणि बाकीची कामं यांची गल्लत कोणी करत नसे. घरी आजी वरणाला धुंगार द्यायची तेव्हासुद्धा चूल वेगळी आणि वाटीतला तुपाचा निखारा वेगळा. ओहायोत आल्यावर मी पहिला स्मोकर घेतला, दोन उन्हाळे तुमच्यासारखीच त्या ट्रेशी झगडले आणि मग हीच गोष्ट त्या कपाटाला लागू केली. आच कॉईलकडे ठेवली, धूर बाहेरून आणला.

त्यासाठी इथले लोक जी युक्ती करतात तिला ‘मेलबॉक्स मॉड’ म्हणतात, कारण घराबाहेर लावतात तीच पत्र्याची टपालपेटी यात वापरतात. पेटी स्मोकरपेक्षा थोड्या खालच्या पातळीवर, विटांवर किंवा स्टँडवर ठेवायची. कपाटाच्या बाजूला चिप्स घालायची जी नळी असते ती काढायची, त्या भोकात तीन इंची अॅल्युमिनियमचा डक्ट, म्हणजे हवेची रुंद नळी, बसवायचा आणि दुसरं टोक पेटीच्या मागच्या बाजूला जोडायचं. डक्ट तीन-चार फूट असला तर उत्तम. पेटीच्या दारात खालच्या बाजूला पेन्सिलएवढी पाच-सहा भोकं पाडा, हवा तिथून आत येते. कपाटाच्या वरची झडप पूर्ण उघडी ठेवा. गरम हवा वर निघून जाते आणि मागून धूर आपोआप ओढला जातो. पंखा लागत नाही.

पेटीत जाळायला चिप्स नकोत, पेलेट (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या) घ्या. भोकं असलेली स्टीलची नळी मिळते ती भरायची. बारा इंची नळी साधारण चार तास धुमसते. एक टोक गॅसच्या टॉर्चने पेटवा, आठ-दहा मिनिटं ज्योत जळू द्या आणि मग फुंकून विझवा. लाल निखारा राहिला पाहिजे. ही आठ-दहा मिनिटं घाईने पाचावर आणलीत की नळी अर्ध्या तासात विझते. पेलेट दमट असले तरी तेच होतं, म्हणून पावसाळी हवेत मी ते आधी ओव्हनमध्ये तासभर कोमट करून घेते. पेलेट खाण्यासाठीचेच हवेत. घर तापवायच्या शेगडीतल्या पेलेटमध्ये पाइनसारखं राळेचं लाकूड असू शकतं. चिकनला सफरचंदाचं किंवा चेरीचं लाकूड, मटणाला ओक किंवा पेकन. हिकरी जोरदार आहे. मेस्किट तर कमीच वापरा.

पेटीबद्दल दोन काळज्या. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि काही पेट्यांना आतून रंग असतो. आतून रंगवलेली पेटी घेऊ नका, आणि जळती नळी पत्र्यावर टेकवू नका, स्टीलच्या जाळीवर उचलून ठेवा. डक्टही निव्वळ धातूचा हवा, प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेला नको. पहिल्या वेळी मांस न ठेवता तीन तास सगळं चालवा.

या डक्टचा एक फायदा आधी माझ्या लक्षात आला नव्हता. लांब नळीतून येताना धूर गार होतो आणि त्यातला डांबरासारखा चिकट भाग नळीच्या भिंतींवर बसतो. महिन्याभराने डक्ट उघडून बघा, आत काळा थर दिसेल. तो तुमच्या चिकनवर बसणार होता. झडपेतून येणारा धूर पातळ आणि निळसर दिसला की समजा जमलं. पांढरा, दाट धूर दिसायला भरघोस, पण तो कडवटपणा आणतो. चिप्स भिजवून घालायचा सल्लाही सोडून द्या. भिजवलेलं लाकूड आधी पाणी उडवत बसतं आणि तोवर दिसते ती वाफ असते.

आता पीआयडी. कारखान्यातून येणारा कंट्रोलर कॉईल पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद करतो. माझ्या स्मोकरमध्ये काटा १५ अंश वर, १५ अंश खाली झुलत असे (फॅरनहाइटमध्ये). पीआयडी कॉईलला दर दोन-तीन सेकंदांत गरजेएवढाच वाटा देतो, त्यामुळे तापमान एक-दोन अंशांत स्थिर राहतं. पण इथे एक फसगत आहे आणि ती अनेकांची होते. वीज बारीक हप्त्यांत मिळायला लागली की चिप्सचा ट्रे जळण्याइतका तापतच नाही. नुसता पीआयडी लावलात तर धूर होता तोही जाईल. म्हणून आधी पेटी, मग पीआयडी. पेटी लावल्यावर तुम्हाला पीआयडीची गरजच वाटणार नाही असंही होऊ शकतं. तंगड्यांना दहा-पंधरा अंशांच्या झुल्याने काही बिघडत नाही.

लावायचाच असेल तर वायरिंग जाणकाराकडून करून घ्या, आणि एक गोष्ट त्याला स्वतः उभं राहून सांगा. कपाटाच्या मागच्या भिंतीवर नाण्याएवढी एक चकती असते, ती हाय-लिमिट कटआउट. तापमान हाताबाहेर गेलं की ती वीज तोडते. मूळ कंट्रोलर काढून टाकताना पुष्कळ जण कॉईलच्या वायरी थेट जोडतात आणि ही चकती सर्किटबाहेर राहते. ती सर्किटमध्ये असलीच पाहिजे. कारण पीआयडीसोबतचा सॉलिड स्टेट रिले (कॉईलची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो. मग कंट्रोलर कितीही ‘बंद’ म्हणाला तरी कॉईल तापत राहते, आणि खाली चरबीने भरलेला ट्रे असतो. फाउंड्रीत मी असा अडकलेला रिले पाहिला आहे. त्या रात्री भट्टी वाचली ती स्वतंत्र कटआउटमुळे. रिलेला हीटसिंकही (उष्णता शोषून बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) हवाच. १२० व्होल्टवर ८०० वॅटला पावणेसात अँपिअर लागतात, तेवढ्यात रिले स्वतः सात-आठ वॅट उष्णता टाकतो.

मागचं झाकण उघडाल तेव्हा कॉईलच्या दोन टोकांवरच्या चपट्या जोडण्या बघून घ्या. माझ्या पहिल्या स्मोकरमध्ये तिसऱ्या वर्षी डिस्प्ले चालू, पण आच नाही असं झालं. उघडलं तर एक टर्मिनल जळून काळं पडलेलं. साधं टर्मिनल सैल पडतं, सैल जोडणी तापते, तापली की आणखी सैल होते. मी उच्च तापमानाची निकेलची टर्मिनल आणि फायबरग्लास आवरणाची वायर घातली, ती आजतागायत टिकली आहे.

कातडीचं उत्तर सोपं. १०७ अंशांवर कातडीखालची चरबी नीट वितळत नाही. तंगड्या १३५ सेल्सिअसवर, म्हणजे तुमचा डायल जाईल तिथवर, धुरवा. हाडाजवळ ८० अंश आले की काढून ओव्हनमध्ये २२० वर आठ-दहा मिनिटं द्या. सुरक्षित व्हायला ७४ पुरतात, पण तंगडीचं मांस ८० ला मऊ होतं. दारातल्या थर्मामीटरवर विसंबू नका, मांसात खुपसायचा वेगळा घ्या आणि तो उकळत्या पाण्यात तपासा.

प्रश्न : स्मोकर सुरू केला की पाच मिनिटांत भिंतीवरचा जीएफसीआय सॉकेट पडतो. साध्या सॉकेटवर चालतो. तिथेच लावत जाऊ का? *(शिकागोजवळून)*

उत्तर : नाही. कृपा करून नाही. तो सॉकेट सुमारे पाच मिलिअँपिअर वीज गळाली की तोडतो. आपल्याकडे वीज गळली की तोडायला घराला जो आरसीसीबी बसवतात त्याचंच जास्त संवेदनशील भावंड. तो पडतो म्हणजे वीज कपाटाच्या पत्र्याकडे गळते आहे, आणि ते कपाट तुम्ही ओल्या अंगणात उभं राहून हाताने उघडता.

बहुधा कॉईल ओलावली असेल. तिच्या नळीत तार असते आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. ती पूड दमट हवेतलं पाणी ओढते. हिवाळाभर न वापरता बाहेर ठेवलेल्या स्मोकरला हे हटकून होतं. कॉईल काढून ओव्हनमध्ये मंद आचेवर, १२० अंशांच्या आसपास, दोन-तीन तास वाळवा. मग पुन्हा जीएफसीआयवरच तपासा. तरी पडला तर कॉईल बदला. पुढे महिन्यातून एकदा रिकामा तासभर चालवा आणि पूर्ण गार झाल्यावरच झाकण घाला. पाऊस आला म्हणून स्मोकर गॅरेजमध्ये ओढूनही चालवू नका. धुमसणारं लाकूड कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडतं आणि त्याला वास नसतो.

प्रश्न : आम्ही कायमचे पुण्याला परत जातो आहोत. पीआयडी लावलेला स्मोकर सोबत न्यावा का? *(सॅन होजे)*

उत्तर : न्या, पण तसाच सॉकेटला लावू नका. कॉईल ८०० वॅटची असेल तर तिचा रोध १८ ओहम. २३० व्होल्टवर ती ८०० ऐवजी जवळजवळ २,९४० वॅट ओढेल आणि काही मिनिटांत संपेल. मूळ कंट्रोलर असता तर १,५०० व्हीएचा जड ट्रान्सफॉर्मर घ्या म्हणाले असते. तुमचं काम हलकं आहे. पीआयडी आणि रिलेवरची पट्टी वाचा. २४० व्होल्टपर्यंत चालतात असं लिहिलेलं असेल तर फक्त कॉईल बदलायची. भोसरी-चिंचवडकडे नमुना पाहून हीटर बनवून देणारे आहेत. ‘२३० व्होल्ट, ८०० वॅट, याच मापाची’ एवढं सांगा. अर्थिंग तपासून घ्या. आणि फ्लॅटची बंद केलेली बाल्कनी यासाठी चालणार नाही, गच्ची हवी.

प्रश्न : बोकडाचं मटण धुरवता येतं का? मी केलं ते वातड झालं. आणि धुरवलेल्या मांसाला कडेने जी गुलाबी रेघ असते ती माझ्या मटणाला येत नाही. *(मिनियापोलिस)*

उत्तर : येतं, आणि मी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी दरवर्षी करते. बोकडाला डुकरासारखी चरबी नसते, म्हणून शेवटपर्यंत उघडं ठेवलं की सुकतं. खांद्याचा हाडासकट दोन किलोचा तुकडा घ्या. आदल्या रात्री मीठ चोळा, साधारण २० ग्रॅम, कारण पुढचा मसालाही खारट असतो. सकाळी तेलात कालवलेला कांदा-लसूण मसाला तीन मोठे चमचे. ११० सेल्सिअसला तो करपत नाही, उलट धुरात खमंग होतो. माझी बहीण संक्रांतीच्या सुमारास इचलकरंजीहून पाठवते तोच मी वापरते.

तीन तासांत आत ७० अंश होतील आणि मग काटा अडेल. तास गेला तरी हलणार नाही. घाबरून आच वाढवू नका. मांसाला पाणी सुटतं, ते उडताना मांस गार करतं. आपल्या माठात पाणी गार होतं तेच हे. इथे तुकडा खोल ट्रेमध्ये ठेवा, दोन उभे चिरलेले कांदे आणि वाटीभर अळणी सूप घाला, वरून फॉइल घट्ट दाबा. बाष्पीभवन थांबलं की काटा पुन्हा चढतो. ९४-९५ ला काढा, हाड हाताने सुटलं पाहिजे. तिथवर यायला अजून अडीच-तीन तास धरा. धूर पहिल्या तीन तासांत पोचलेला असतो, फॉइलनंतर पेटीत पेलेट भरू नका.

गुलाबी रेघ कोळशाच्या किंवा लाकडाच्या जळत्या आचेतल्या नायट्रिक ऑक्साइडने येते. ते मांसातल्या मायोग्लोबिनशी, म्हणजे मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाशी, जुळतं आणि रंग धरतो. विजेच्या कॉईलमधून तो वायू निघत नाही, धुमसत्या पेलेटमधून थोडासाच. चवीशी तिचा संबंध नाही, मन खट्टू करून घेऊ नका.

आणि ट्रेमध्ये जो रस उरतो तो टाकू नका. गाळून, वरची चरबी काढून, तांबड्या रश्श्याच्या वाटणात पाण्याऐवजी घाला. आमच्याकडे त्या दिवशी मटणाआधी रस्साच संपतो.