अबोल स्वभाव आणि टीम लीडरची जबाबदारी

आपण अबोल आहोत, म्हणून टीम सांभाळणे जमणार नाही, ही शंका तुम्ही आधी मनातून काढून टाका. नेतृत्वाचे अभ्यासक टिमथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा पाच प्रमुख स्वभावगुणांपैकी बहिर्मुखतेचा (बोलक्या, लोकांत रमणाऱ्या स्वभावाचा) नेतृत्वाशी सहसंबंध सर्वाधिक, म्हणजे ०.३१ आढळला खरा (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). परंतु हा संबंध नेता म्हणून नजरेत भरण्याशी अधिक आणि प्रत्यक्ष परिणामकारकतेशी कमी होता. (बढतीच्या मुलाखतीत बोलके उमेदवार बाजी का मारतात, हे यावरून उमगावे.) कर्तव्यदक्षता ०.२८ वर, फारशी मागे नव्हती. मनमिळाऊपणा मात्र जेमतेम ०.०८ वर होता. त्यामुळे सर्वांना खूश ठेवण्याच्या नादात चुकलेल्या कामाबद्दल बोलायचे टाळू नका.

टीममध्ये स्वतःहून कल्पना मांडणारे लोक असतील, तर बैठकीत त्यांना आधी बोलू द्या आणि आपले मत शेवटी सांगा. तुमचा अबोलपणा तिथे उपयोगीच पडेल. नवखे, सूचनेची वाट पाहणारे लोक असतील, तर मात्र कोणते काम कोणी, कधीपर्यंत करायचे हे सकाळीच स्पष्ट शब्दांत सांगा, आणि ते लेखीही द्या.