अपशब्द म्हणजे शिवी नव्हे

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंनी विचारलंय : 'वडिलांच्या आठवणी लिहितेय. त्यांच्या तोंडी शिव्या सर्रास असत. लिहिताना "अपशब्द वापरत" म्हणावं, फुल्या माराव्यात, की शिवी तशीच ठेवावी?'

ताई, आधी तो 'अपशब्द' खोडा! हिंदी बातम्यांत 'अपशब्द कहे' येतं आणि इंदूरचे आपण मराठी लोक तेच उचलतो. 'शिवी'सारखा खणखणीत शब्द घरात असताना ही उसनवारी कशाला? 

अपशब्द हा व्याकरणातला शब्द. पतंजलीच्या महाभाष्यात त्याचा अर्थ अशुद्ध शब्द. गाईसाठी 'गौः' शुद्ध, गावी, गोणी, गोता, गोपोतलिका हे अपभ्रंश, म्हणजे बिघडलेली रूपं. यांत शिवी कुठे आहे? तिथलीच असुरांची गोष्ट बघा. 'हे अरयः', म्हणजे 'अरे शत्रूंनो', म्हणायचं सोडून ते 'हेलयः, हेलयः' ओरडले आणि पराभूत झाले. र चा ल झाला, हा अपशब्द!

आता खरी गंमत. 'अश्लील'चं जुनं रूप 'अश्रीर', श्री नसलेलं, शोभा नसलेलं. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात गाईंना म्हटलंय की तुम्ही कृशाला पुष्ट करता, अश्रीरालाही देखणं करता. त्या अश्रीरातले दोन्ही र पुढे ल झाले. म्हणजे असुरांचा न्याय लावला तर अश्लील हाच पक्का अपशब्द! आणि मराठीने काय केलं? 'अवाच्य', बोलू नये असं, त्यात एक र घुसवून 'अर्वाच्य' केलं. काही विद्वान तो 'अर्वाच्'वरून आणतात. मला हे साफ अमान्य आहे. अर्वाच् म्हणजे अलीकडचा. त्यातून अर्वाचीन निघतो, घाणेरडं बोलणं निघत नाही. अर्वाचीनच्या सहवासाने अवाच्यला र चिकटला, एवढंच. कोशात छापलंय म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही.

राहिला तुमचा प्रश्न. शिवी तशीच ठेवा. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या खाऊबाजारात, रात्री 'भिया'च्या (भाऊच्या) जोडीने येणारी शिवी लाडाची असते, तीच रस्त्यात गाडीला गाडी घासल्यावर भांडणाची. बोलताना हा फरक आवाज सांगतो, कागदावर आवाज नसतो. म्हणून वडील कोणाला, कशावरून म्हणाले आणि समोरचा हसला की उठून गेला, तेही लिहा. हिंदीतली शिवी हिंदीतच राहू द्या. आपल्याकडे घरात कधी न उच्चारलेली शिवी माणसं बाहेर हिंदीत बिनदिक्कत देतात, तिचं मराठी केलंत तर वडील होते त्याहून कडवट दिसतील. फुल्या नकोतच, वाचक तिथे मनाने आणखी वाईट शब्द भरतो. तुकोबांच्या गाथेत रांड, गाढव हे शब्द उघडे आहेत.

आणि प्रस्तावनेत 'अर्वाच्च' लिहिलंय तुम्ही. च ला च नाही, य जोडा.