चप्पल सुटली, कळलंच नाही

प्रश्न : वय ६१, मधुमेह १४ वर्षं. परवा भाजी आणताना एका पायातली चप्पल वाटेतच राहिली. घरी आल्यावर सुनेनं दाखवलं. रात्री तळव्यांना मुंग्या येतात. आताशा दोन घासांतच पोट गच्च होतं. याचा एकमेकांशी संबंध असेल का? – एक वाचक, मिरज

उत्तर : असू शकतो, ताई. वाढलेली साखर नसांना, म्हणजे मज्जातंतूंना, इजा करते. सर्वांत लांब नसा पायांच्या, म्हणून सुरुवात बहुधा तिथून. जठर हलवणारी नसही बिघडली तर अन्न तुंबतं. तळव्यांना स्पर्श कळतो का, याची १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूनं तपासणी करून घ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्वही बघा, त्या गोळीनं ते घटू शकतं. ते कमी पडलं तरी मुंग्या येतात. आणि हो, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकू नका! तिनं भाजलेले तळवे मी बरेच पाहिलेत. भाजताना कुणालाच कळलं नव्हतं.