छपाई तुमची, कादंबरी त्याची

प्रश्न: मी अमळनेरला छोटं प्रकाशन चालवते. नव्या लेखकांची पहिली पुस्तकं काढायची, एवढाच व्याप. साक्री तालुक्यातल्या एका तरुणाची पहिली कादंबरी 2023 मध्ये पदरचे पैसे घालून छापली. करारबिरार काही केला नाही. ‘ताई, पुस्तक तुम्हीच काढा, माझी काही अट नाही’ असा त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज तेवढा आहे. संवाद अहिराणीत असल्यामुळे शेवटी शब्दसूची मी जोडली. 500 प्रतींपैकी 140 शिल्लक आहेत. आता कादंबरीला पुरस्कार मिळाला आणि दुसरी आवृत्ती पुण्याचे एक मोठे प्रकाशक काढताहेत. लेखक म्हणतो, उरलेल्या प्रती विकू नका आणि पुस्तकाची फाईल पाठवा. मी दुसरी आवृत्ती थांबवू शकते का? पोलिसांत तक्रार करावी, असं काहींचं म्हणणं आहे.

उत्तर: ताई, दुसरी आवृत्ती तुम्हाला थांबवता येणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचाल.

कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याच्या कलम 17 नुसार लिहिणारा तो मालक. छपाईला, बांधणीला, टपालाला कोणी पैसे घातले, यावरून मालकी ठरत नाही. लेखकाकडून हक्क स्वतःच्या नावावर घ्यायचे, तर कलम 19 प्रमाणे लेखी दस्त लागतो आणि त्यावर लेखकाची सही लागते. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि मोबदला किती, हे त्यात यावं लागतं. तोंडी शब्दावर हक्क सरकत नाहीत, मग तो कितीही चांगल्या मनाने दिलेला असो. पुस्तकाच्या चौथ्या पानावर तुम्ही ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ छापलं असेल, तर ती ओळ इथे उपयोगाची नाही. उलट समोरचा वकील तिच्यावरच बोट ठेवील. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तुमच्या प्रकाशनाच्या नावावर आहे, एवढ्यानेही कादंबरी तुमची होत नाही.

पण तुमच्या हातात काहीच नाही, असंही नाही. हक्क विकत घेणं वेगळं आणि छापायची परवानगी मिळणं वेगळं. परवानगी, म्हणजे लायसन्स, कलम 30 मध्ये येतं. तिथे पूर्वी सही लागायची. 2012 च्या दुरुस्तीनंतर नुसतं लेखी असलं तरी चालतं. इलेक्ट्रॉनिक मजकूर हाही लेखीच, हे माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 4 ने मान्य केलं आहे. तेव्हा तो एका ओळीचा मेसेज तुमची परवानगी आहे, असं ठामपणे म्हणता येतं. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत, हा कलम 19 चा नियम कलम 30अ मुळे लायसन्सलाही लागू होतो. त्या हिशेबाने 2028 पर्यंत तुमची बाजू उभी राहते. ‘तुम्हीच काढा’ यातल्या ‘च’वर मात्र फार भिस्त ठेवू नका. दुसऱ्या कोणाला देणार नाही, असं त्याने कुठेही लिहिलेलं नाही, आणि कोर्ट एका अक्षरावरून मक्तेदारी देत नाही.

म्हणून उरलेल्या 140 प्रती माझ्या मते तुम्ही खुशाल विका. त्या त्याच्या परवानगीने छापल्या; कागद आणि बांधणी तुमची. नवीन प्रती मात्र काढू नका. ‘पुस्तक काढा’ यात पुनर्मुद्रण बसतं का, हा वादाचा मुद्दा आहे आणि त्याने आता नाही म्हटलेलं आहे.

तुमच्या पत्रात रॉयल्टीचा शब्दही नाही, याकडे माझं लक्ष गेलं. ‘माझी काही अट नाही’ याचा अर्थ ‘मला काही नको’ असा होत नाही. बाहेर गेलेल्या 360 प्रतींचा हिशेब मांडा, वाचनालयांना आणि मित्रांना फुकट दिलेल्या प्रती वेगळ्या दाखवा आणि वाजवी रक्कम त्याच्या खात्यावर टाका. पत्र त्यानंतरच पाठवा. हिशेब न देणाऱ्या प्रकाशकाची तक्रार कोणी मनावर घेत नाही, आणि घेऊही नये.

आता तुमचं स्वतःचं काय, ते पाहू. शब्दसूची सर्वात महत्त्वाची. ‘आंडोर’ म्हणजे मुलगा, ‘आंडेर’ म्हणजे मुलगी, हे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत. पण कोणते शब्द निवडले, अर्थ कसे लिहिले, उदाहरणं कोणती दिली, ही तुमची मेहनत आहे आणि तिच्यावर कॉपीराइट तुमचा आहे. पुण्याच्या आवृत्तीत ती सूची जशीच्या तशी घ्यायची, तर तुमची लेखी परवानगी लागेल. मलपृष्ठावरचा मजकूर तुम्ही लिहिला असेल, तर तोही तुमचा. मुखपृष्ठासाठी कोणाकडून रंगवलेलं चित्र पैसे देऊन करून घेतलं असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कलम 17(ब) प्रमाणे पहिली मालकी करून घेणाऱ्याची. पैसे दिल्याची नोंद शोधून ठेवा. चित्रकाराने स्नेहापोटी फुकट दिलं असेल, तर चित्र त्याचं. अक्षरजुळणीची फाईलही तुम्ही खर्च करून केलेली आहे, ती फुकट देण्याचं बंधन नाही. किंमत सांगा.

संपादनात संवाद दुरुस्त केले, दोन प्रकरणं गाळायला लावली, म्हणून सहलेखक असल्याचा दावा करायचा मोह होईल. तो करू नका. टिकणार नाही आणि वर्षानुवर्षांचे संबंध तुटतील.

पोलिसांचं तर नावच काढू नका. दुसरी आवृत्ती मालकाच्या परवानगीने निघते आहे, मग गुन्हा कसला? उलट तुम्ही गुपचूप आणखी 200 प्रती छापल्यात, तर कलम 63 तुमच्यावर येऊ शकतं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं आहे. दावा लागलाच, तर कलम 62 मुळे लेखक स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तो दाखल करू शकतो. म्हणजे तारखांना तुम्ही अमळनेरहून धुळ्याला. 140 प्रतींसाठी हे परवडतं का, याचा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो.

तेव्हा लेखकाला आणि पुण्याच्या प्रकाशकांना एकच पत्र लिहा. भाषा साधी ठेवा, ‘कायदेशीर कारवाई’ हे शब्द टाळा. उरलेल्या प्रती संपेपर्यंत विकू, हे कळवा. शब्दसूची आणि फाईल हवी असेल तर मानधन आणि सूचीखाली तुमचं नाव, ही मागणी करा. नव्या आवृत्तीत पहिल्या आवृत्तीचं वर्ष आणि तुमच्या प्रकाशनाचं नाव छापावं, असंही मागा. कायद्याने ही शेवटची सक्ती करता येणार नाही; पण चांगले प्रकाशक तसं छापतात, आणि पुढच्या नव्या लेखकाला तुमचा पत्ता त्यातूनच लागतो. वेब सिरीज किंवा अनुवादाचे हक्क विकले गेले तर त्यात तुमचा वाटा नाही, तो विषय पत्रात आणू नका.

पुढच्या पुस्तकापासून दोन पानी करार करा. आवृत्ती आणि प्रतींची संख्या, मुदत, रॉयल्टीचा टक्का, हिशेबाची तारीख आणि पुनर्मुद्रणाला पहिली पसंती तुम्हाला, एवढं आलं तरी पुरे. अनुवाद, ऑडिओ असे हक्क स्वतःकडे घेणार असाल तर लक्षात ठेवा: करारात वेगळं लिहिलं नसेल, तर वर्षभरात न वापरलेले हक्क लेखकाकडे परत जातात.

आणि तो मेसेज ज्या फोनवर आहे, तो बदलू किंवा विकू नका. नुसता स्क्रीनशॉट काढून भागत नाही. भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्या लेखकाबरोबरचं सगळं चॅट, तुमची उत्तरं धरून, आजच मेलवर पाठवून ठेवा.