युरोपातील बहुतेक भाषांत 'नेक्टर' हा शब्द जवळजवळ सारखाच का आहे?

इंग्रजी 'नेक्टर', फ्रेंच 'नेक्तार', इटालियन 'नेत्तारे' हे सर्व शब्द मुळात एकाच ग्रीक शब्दाचे, 'नेक्तार'चे, लॅटिनमार्गे पसरलेले वंशज आहेत. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यांत ते देवांचे पेय आहे. फुलातील मकरंद हा अर्थ पुष्कळ नंतरचा. पारंपरिक व्युत्पत्तीनुसार त्यातील 'नेक्' म्हणजे मृत्यू (ग्रीक 'नेक्रोस' म्हणजे प्रेत) आणि 'तार' हा संस्कृत 'तॄ' धातूचा, म्हणजे आपल्या 'तरणे'चा, सगोत्र असल्याने 'मृत्यूपार नेणारे' असा अतिशय सुंदर अर्थ निघतो. मात्र ही फोड सर्वमान्य नाही. काही अभ्यासक शब्दाचे मूळ सेमिटिक (हिब्रू, अरबी यांच्या कुळातील) भाषांत शोधतात. देवांच्या अन्नाचे नाव 'अम्ब्रोसिया' आणि संस्कृत 'अमृत' यांचे नाते मात्र पक्के आहे.