कॅमेऱ्याचं डायल (सेटिंग बदलायचं चाक) उलटसुलट चालतंय?

कॅमेरा लगेच उघडायला घेऊ नका. आधी डायल लॉक केलेलं नाही ना ते बघा, मग सेटिंग्ज रीसेट करा. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

एक खटका पुढे फिरवूनही अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडा) ५.६ वरून ६.३ ला न जाता मागे ५ वर येत असेल, तर मात्र बहुधा आतल्या कॉन्टॅक्टवर (विजेच्या जोडणीच्या पट्टीवर) घाण बसलीय. बॅटरी काढा आणि डायल दोन्हीकडे भरपूर गरागरा फिरवा. थर घासला जाऊन निदान काही दिवस सुधारतं. फटीत ब्लोअर (हवा मारायचा हातपंप) मारा. सफाईचा स्प्रे नको, तो आत कुठे झिरपेल नेम नाही. तोवर अ‍ॅपर्चर दुसऱ्या डायलवर नेमून काम चालवा.

वॉरंटी असेल तर बिघाडाचा व्हिडिओ काढूनच सर्व्हिस सेंटरला जा. काउंटरवर हे डायल हमखास शहाण्यासारखं वागतं.