व्हॉल्व्ह चालवणारी चिप एवढी का तापते?

प्रश्न : तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. ठिबकचे १२ व्होल्ट डीसीचे चार सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने उघडणारे) व्हॉल्व्ह आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि व्हॉल्व्हचा करंट चालू-बंद करणारी यूएलएन २००३ ही चिप यांवर चालवतो. दोन्ही एका बंद डब्यात आहेत. एप्रिलात खरड छाटणीनंतर दुपारी चारही व्हॉल्व्ह चालू असले की चिपला बोट लावता येत नाही. कॉइल ३४ ओहम भरते. चिप तर ५०० मिलिअँपिअरची आहे. डब्याला पंखा बसवू का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : पंखा अजिबात नको. भुरी रोगासाठी गंधक मारता ना? पंखा तीच भुकटी आत ओढणार आणि बोर्डावरचं तांबं काळं पडणार. डबा बंदच ठेवा. कॉइल मोजून कळवलीत हे झकास. बाकीची पत्रं ‘लई गरम होतंय’ एवढ्यावरच संपतात.

५०० हा आकडा एका चॅनलचा, सगळ्यांचा मिळून नव्हे. शिवाय आत डार्लिंग्टन जोड्या, म्हणजे एकामागे एक जोडलेले दोन-दोन ट्रान्झिस्टर आहेत. त्या चालू असतानाही साधारण १.१ व्होल्ट स्वतःवर ठेवून घेतात. तुमच्या कॉइलला ३२० मिलिअँपिअर जातात, म्हणजे चॅनलमागे ०.३५ वॅट, चारांचे १.४. एवढ्याशा प्लास्टिकच्या चिपमध्ये आतलं तापमान डब्यातल्या हवेपेक्षा नव्वदेक अंशांनी चढतं.

यूएलएन काढा आणि प्रत्येक व्हॉल्व्हला एक आयआरएलझेड ४४ एन मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावा. गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, ५ व्होल्ट मिळाले की त्याचा रेझिस्टन्स ०.०२५ ओहमच्या आसपास, म्हणजे नुकसान ३ मिलिवॅट. हीटसिंकसुद्धा नको. दुकानदार ‘सेमच आहे’ म्हणून आयआरएफ ५४० पुढे करेल, घेऊ नका. त्याला गेटवर १० व्होल्ट लागतात. नॅनोच्या पाचावर तो अर्धवट चालू होतो आणि तापतो. नॅनो ते गेट १०० ओहमचा रेझिस्टर, गेट ते ग्राउंड १० किलोओहमचा. नाहीतर नॅनो रीसेट होताना व्हॉल्व्ह मनानेच उघडतील. यूएलएनबरोबर तिच्यातले, कॉइल बंद होतानाचा व्होल्टेजचा झटका गिळणारे डायोडही गेले, तेव्हा प्रत्येक कॉइलवर १एन ४००७ डायोड लावा, त्याच्यावरची पट्टी पॉझिटिव्हकडे.

खरी वीज मात्र कॉइलच खाते, प्रत्येकी सव्वाचार वॅट. प्लंजर (व्हॉल्व्ह उघडणारा आतला दांडा) ओढायला पूर्ण करंट लागतो, धरून ठेवायला बराच कमी. अर्धा सेकंद पूर्ण द्या, मग पीडब्ल्यूएमने, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून, साठ टक्क्यांवर आणा. करंट निम्मा झाला तर कॉइलची उष्णता पावावर येते. नॅनोवर हे ३, ५, ६, ९, १० आणि ११ याच पिनांवर जमतं. कॉइल थोडी गुणगुणेल, गुणगुणू द्या. टक्केवारी मात्र टेबलावर ठरवू नका. मोटर चालू करा, लाइनला दाब येऊ द्या, आकडा हळूहळू उतरवा. व्हॉल्व्ह सुटला की तिथून पंधरा-वीस टक्के वर ठेवा.